पासष्ट सीसीच्या टू-स्ट्रोकला आरएक्सचा हिशेब लावू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा नऊ वर्षांचा, उंची १३२ सेंटीमीटर, वजन २८ किलो. पन्नास सीसीच्या ऑटोमॅटिकवर दीड वर्ष शिकलाय, आता गिअरची मोटोक्रॉस गाडी हवी. इंदुरातच एक जुनी कावासाकी केएक्स ६५ विकायला आहे. मालक म्हणतो, 'जेमतेम चाळीस तास चाललीय.' घरचे नेहमीचे मिस्त्री म्हणतात, 'आरएक्स १०० चं इंजिन डोळे मिटून बांधतो, हे तर त्याहून लहान.' घ्यावी का, आणि घेतली तर सांभाळायची कशी?

आधी मिस्त्रींचं बोलू, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. यामाहाची आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात विकली गेली आणि माळव्यात आजही ती बांधणारे चांगले हात आहेत. प्लगचा रंग वाचणं, कार्ब्युरेटर खोलणं, सायलेन्सरातला कार्बन काढणं, हे सगळं ज्ञान तुमच्या गाडीला उपयोगी पडेल. पण तीन सवयी महागात पडतील. आरएक्सला ऑइलचा वेगळा पंप असतो. या गाडीला पंपच नाही, ऑइल पेट्रोलात मिसळूनच टाकीत जातं. नुसतं पेट्रोल गेलं तर इंजिन काही मिनिटांत पकडतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरात अडकून बसतो. दुसरं, आरएक्सच्या सिलिंडरला बिडाची स्लीव्ह असते. घासली की बोर करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. इथे अॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून कठीण धातूचा पातळ मुलामा असतो, शंभरेक मायक्रॉनच्या आसपास. त्याला बोरिंगच्या मशिनवर चढवलं की मुलामा गेला, म्हणजे सिलिंडर गेला. तिसरं, आरएक्सचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतात, हिचं तासांत. तेव्हा मिस्त्री तेच ठेवा, पण सर्व्हिस मॅन्युअलची छापील प्रत त्यांच्या हातात द्या आणि 'बोर करून देतो' असं कोणी म्हणालं की सिलिंडर उचलून घरी आणा.

मापाचं म्हणाल तर १३२ सेंटीमीटर आणि २८ किलोला पासष्टच बरोबर. केएक्स ६५ च्या सीटची उंची ७६० मिमी, पुढचं चाक १४ इंची, मागचं १२, सहा गिअर, हाताचा क्लच. मुलाला बूट घालून बसवा: दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, किंवा एक पाय पूर्ण टेकून गाडी तोलता आली पाहिजे. 'दोन वर्षांत वाढेल, आत्ताच पंच्याऐंशी घेऊ' हा मोह आवरा. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, तशी मोटोक्रॉस गाडी घेता येत नाही. पंच्याऐंशी आणि केएक्स ११२ मध्ये ताकद एकदम उसळी मारून येते, आणि पाय न टेकणारं मूल नेमकं त्याच क्षणी घाबरून थ्रॉटल घट्ट धरतं.

नवी घ्यायची तर भारतात रीतसर मिळालेल्या दोन गाड्या विचारात घ्या. केएक्स ६५ इथे आली तेव्हा शोरूमची किंमत ३.१२ लाख होती. केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये ६५ एसएक्स आणली ती ५.४७ लाखांना. आजचा भाव शोरूमलाच विचारा. केटीएमला हायड्रॉलिक क्लच आहे, पुढे हवेचा फोर्क आहे, ताकद जास्त आहे, आणि शर्यतीच्या रेषेवर ती सरस आहे यात वाद नाही. पण गिअर पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलासाठी मी केएक्सकडे झुकेन. तिची रचना २००० सालापासून जवळपास तीच आहे, त्यामुळे कुठल्याही सालचा भाग कुठल्याही सालच्या गाडीला बसण्याची शक्यता फार मोठी. शिवाय क्लचची केबल तुटली तर ती घरी बदलता येते.

आता ती 'चाळीस तासांची' जुनी गाडी. तास मोजायचं मीटर म्हणजे प्लगच्या वायरीला गुंडाळलेली एक तार आणि बॅटरीवरची छोटी डबी. नवी लावली की शून्यापासून सुरू. म्हणून मीटर पाहू नका, फूटपेगचे (पाय ठेवायच्या दांड्यांचे) दात पाहा. ते गोल झालेत का? क्लचच्या कव्हरवरचा रंग बुटाने घासून आतला धातू चमकतोय का? मागच्या स्प्रॉकेटचे दात लाटेसारखे एका बाजूला कललेत का? चाळीस तासांत हे सगळं एकदम होत नाही.

मग सीट काढा, एअर फिल्टर बाहेर घ्या आणि कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत आतून पांढरा रुमाल फिरवा. रुमालावर मातीचा कण आला तर बाकीची तपासणी सोडून द्या, किंमत ठरवताना इंजिन पूर्ण बांधायचं आहे असंच धरा. फिल्टरच्या पलीकडे गेलेली धूळ थेट क्रँकच्या बेअरिंगमधून पिस्टनकडे जाते. यापेक्षा खात्रीची खूण नाही.

रुमाल स्वच्छ निघाला तर पुढे. एक्झॉस्टचा पाइप दोन-तीन स्प्रिंगांवर असतो, तो काढून बॅटरीच्या उजेडात एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन पाहा. उभ्या, खोल रेघा असतील तर गाडी एकदा तरी पकडलेली आहे. प्लग काढून फ्लायव्हील हाताने किंचित पुढे-मागे हलवा. पिस्टन वर असताना 'टक' असा कोरडा आवाज आला तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग सैल झालंय. पुढच्या स्प्रॉकेटजवळ इंजिनच्या केसला चिरा किंवा वेल्डिंग आहे का पाहा. चेन तुटून गुंडाळली की तडा तिथेच जातो. गाडी थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवली असेल तर निमित्त काढून चहा घ्या आणि तासाभराने परत या.

या गाड्यांचं आरटीओत रजिस्ट्रेशन होत नाही, त्यामुळे मालकीचा पुरावा म्हणजे बिल. इंजिन आणि चासी नंबर बिलाशी जुळवून घ्या. कोणी परस्पर बाहेरून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री हवीच. आणि सगळं नीट निघालं तरी किमतीतून पिस्टनचा संच, गॅस्केट, क्रँकचे दोन्ही सील, चेन-स्प्रॉकेट यांचा खर्च वजा करूनच बोला. जुनी पासष्ट घेतल्यावर वरचं इंजिन उघडायचं असतंच, आज नाही तर पंधरा दिवसांनी.

पेट्रोल आणि ऑइल. प्रमाण मॅन्युअलमधलं पाळा. केएक्सला ३२ ला १ चालतं, केटीएमच्या नव्या गाड्या ६० ला १ मागतात. पाच लिटर पेट्रोलला ३२:१ म्हणजे १५६ मिलि, ४०:१ म्हणजे १२५, ६०:१ म्हणजे ८३. 'झाकणभर' हे माप नव्हे. औषधाच्या दुकानातून मिलिच्या रेघांचा मोजपेला आणा. ऑइल एफडी दर्जाचं (डब्यावर 'जासो एफडी' लिहिलेलं असतं) किंवा रेसिंगचं सिंथेटिक घ्या आणि एकच ब्रँड धरा. डब्यावर मार्करने प्रमाण आणि तारीख लिहा. 'जरा जास्तच घालू, इंजिनला बरं' हा आपला आवडता गैरसमज आहे. ऑइल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा) न बदलता हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

इथेनॉल ही खरी डोकेदुखी. २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल खाली बसतात, आणि त्या थरात ऑइल जवळपास नसतंच. पेट्रोलचा नळ टाकीच्या तळाशी असल्याने इंजिनला आधी तोच कोरडा थर मिळतो. पंपावरून आणलेल्या पेट्रोलात किती इथेनॉल आहे ते घरी पाहता येतं: काचेच्या उभ्या मोजनळीत ८० मिलि पेट्रोल, वर २० मिलि पाणी, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि दहा मिनिटं उभी ठेवा. खालचा पाण्याचा थर २० वरून ३५ च्या आसपास गेला तर वीस टक्क्यांचं पेट्रोल आहे. मोकळ्या हवेत करा, जवळपास विडी-सिगारेट नको. हे पाणी मिसळलेलं पेट्रोल गाडीत परत घालू नका, मोरीतही ओतू नका. मिश्रण एका आठवड्याला लागेल एवढंच बनवा. सराव संपला की पेट्रोलचा नळ बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. नाहीतर पायलट जेटचं केसाएवढं भोक चिकट थराने बंद होतं आणि पुढच्या रविवारी गाडी किकवर किक मागते.

याच इथेनॉलमुळे जेटिंगमध्ये, म्हणजे जेटचा नंबर निवडण्यात, एक उलटा प्रकार होतो, तो नीट समजून घ्या. वीस टक्के इथेनॉलला साध्या पेट्रोलपेक्षा घनफळाने साधारण सात टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे कारखान्यातून आलेल्या जेटवर गाडी आपोआप पातळ चालते. दुसरीकडे इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांवर. हवा विरळ होते आणि मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. मेमध्ये हे दोन परिणाम एकमेकांना बऱ्यापैकी कापतात. जानेवारीच्या पहाटे, १० अंशांवर, हवा मेपेक्षा सुमारे दहा टक्के दाट असते, आणि तेव्हा थंडीचा पातळपणा आणि इथेनॉलचा पातळपणा एकत्र येतात. म्हणून इंजिन पकडण्याची भीती उन्हाळ्यात कमी आणि थंडीच्या सकाळी जास्त. दिवाळी झाली की मेन जेट एक नंबर मोठा घाला, होळीनंतर परत उतरवा.

थ्रॉटल किती उघडलंय त्यावरून कुठला भाग काम करतो ते ठरतं: अगदी सुरुवातीला पायलट जेट आणि एअर स्क्रू, मधल्या टप्प्यात नीडल आणि तिची क्लिप, शेवटच्या पाव भागात मेन जेट. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ लावत असेल, वरच्या वरच घोंघावत राहत असेल, तर मिश्रण पातळ आहे किंवा कुठून तरी हवा शिरतेय. उलट 'बुडबुड' करत अडखळत असेल तर घट्ट आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी काळं ओशट पाणी येतं त्याचा दोष ऑइलवर टाकू नका. मूल हळू चालवतंय किंवा पायलट मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जेटिंग बरोबर असूनही पातळपणाची लक्षणं जात नसतील तर क्रँकचे सील पाहा. फ्लायव्हीलच्या बाजूचा सील फाटला की हवा आत ओढली जाते. क्लचच्या बाजूचा फाटला की गिअरबॉक्समधलं ऑइल जळतं, धूर पांढरट-निळा येतो आणि ऑइलची पातळी कारणाशिवाय उतरते. खात्री करायला इनलेट आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून इंजिनात सहा पीएसआय हवा भरतात. सहा मिनिटांत काटा जवळपास हलता कामा नये. हलला तर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे जागा दाखवतात.

फिल्टर. आपल्या काळ्या मातीचा उन्हाळ्यात जो पीठासारखा फुफाटा होतो, तो साध्या नजरेला स्वच्छ दिसणाऱ्या फोममधूनही आत जातो. तीन फिल्टर ठेवा, प्रत्येक सरावाला एक. धुताना आधी फिल्टर क्लीनर किंवा केरोसीन, मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, मग सावलीत पूर्ण वाळवणं. पेट्रोलने धुऊ नका, शिवणीचा गोंद सुटतो. कपडा पिळतात तसा पिळू नका, तळहातात दाबा. वाळल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिल्टर ऑइल ओता आणि रंग सगळीकडे सारखा येईपर्यंत मळा. फिकट ठिपका दिसला तर तिथून धूळ जाणार. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. इंजिन ऑइल चालत नाही, ते खाली ओघळून जातं आणि वरचा फोम कोरडा पडतो.

पिस्टन. सरावाला पंचवीस तास, शर्यतीला पंधरा ते वीस, यापुढे ओढू नका. झिजलेल्या पिस्टनचा स्कर्ट (खालचा घेर) तुटला तर तुकडे क्रँकमध्ये जातात आणि काही हजारांचं काम लाखाकडे झुकतं. रॉड आणि क्रँक साठ ते ऐंशी तासांनी.

काम एका दुपारचं आहे, फक्त घाई नको. गाडी धुऊन, वाळवून मगच उघडा. कूलंट काढा, हेड काढा, सिलिंडर सरळ वर उचला आणि लगेच क्रँकच्या तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं कोंबा; पिनची क्लिप नेहमी तिथेच उडते. सिलिंडरच्या आत नखाने आडवं-उभं फिरवून पाहा. पिस्टनचं अॅल्युमिनियम मुलाम्यावर चिकटलेलं असेल तर ते निघतं. नख अडकेल अशी खाच असेल तर मुलामा गेला, सिलिंडर नवा किंवा पुन्हा मुलामा देणाऱ्याकडे. सिलिंडरवर मापाचं अक्षर कोरलेलं असेल तर पिस्टन त्याच अक्षराचा मागवा. नवी रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सरळ बसवा आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजा, साधारण ०.२ ते ०.४ मिमी यायला हवी, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये आहे. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगच्या खाचेत एक बारीक खिळा असतो, रिंगची टोकं बरोबर त्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. रिंग फिरलेली असताना सिलिंडर जोराने खाली दाबलात तर रिंग तुटते. क्लिपा दर वेळी नव्या, आणि त्यांचं उघडं तोंड घड्याळातल्या बारा किंवा सहावर. हेडचे नट फुलीच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. फडकं काढायला विसरू नका. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

नंतर इंजिन तीनदा गरम करून पूर्ण थंड होऊ द्या, मग पंधरा मिनिटं अर्ध्या थ्रॉटलवर. आणि रोजच्या सरावातही थंड इंजिनावर मुलाला रेषेवर सोडू नका. पिस्टन सिलिंडरपेक्षा आधी तापतो आणि फुगतो, पाणी अजून गार असतं, आणि तेवढ्यात पूर्ण थ्रॉटल दिला की चार ठिकाणी पकडतो. रेडिएटर हाताला कोमट लागेपर्यंत, दोन-तीन मिनिटं, गाडी हलक्या रेसवर ठेवा. पंखा मात्र नाही, त्यामुळे मेच्या उन्हात सुरू ठेवून गप्पा मारत उभं राहू नका.

बाकीचं भराभर सांगतो. गिअरबॉक्सचं ऑइल दर पाच तासांनी, एमए२ दर्जाचं (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणारं). निघालेलं ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर वॉटर पंपचा सील गेला. टायरात १२ ते १४ पीएसआय. नव्या किंवा नुकत्या बांधलेल्या चाकाचे स्पोक पहिल्या अर्ध्या तासानंतर पुन्हा तपासा. चेनची ढील मोजताना मागचा शॉक सोडवा, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतील. त्या सर्वांत ताणलेल्या स्थितीतही साधारण १० मिमी ढील उरली पाहिजे. सॅग, म्हणजे वजनाने गाडी मागे किती दबते ते, मुलाला हेल्मेट-बुटांसह बसवून मोजा, मागच्या चाकाच्या एकूण ट्रॅव्हलच्या (वर-खाली हालचालीच्या) तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तो जमवूनही मूल उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने मुळीच दबत नसेल तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही ती नुसती आवळून ठेवली आहे.

गाडी मैदानावर न्यायची ती पिकअपमध्ये किंवा ट्रॉलीवर. 'कॉलनीच्या रस्त्यावर एक चक्कर' हे अजिबात नको. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, आणि या गाडीला तर नंबरही नाही.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला लाडवासारखा वळत जातो आणि रेडिएटरच्या पात्यांत लिंपून बसतो. तेव्हा गाडी ठेवूनच द्या. आधी धुवा, पण प्रेशरचा झोत बेअरिंग, रेडिएटर आणि एअर बॉक्सकडे नको. टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करा. प्लगच्या भोकातून पाच मिलि टू-स्ट्रोक ऑइल सोडून किक हाताने हळू दोन-चार वेळा फिरवा, प्लग परत लावा, पिस्टन वर येऊन किक जड लागेल तिथे थांबवा म्हणजे पोर्ट झाकले जातील. सायलेन्सरच्या तोंडात फडकं घाला आणि त्याला हँडलपर्यंत येणारी लाल चिंधी बांधा, म्हणजे नवरात्रात पहिली किक मारण्याआधी ते काढायची आठवण राहील. टाकीत ताजं मिश्रणही तेव्हाच भरा. पहिली दोन मिनिटं निळा धूर भरपूर येईल, तो त्याच पाच मिलिचा.